मसाल्याला नावं ठेवणारा माणूस

मी जेवताना गप्प बसलो असा दिवस आमच्या घरात बत्तीस वर्षांत उगवला नव्हता. मीठ कमी पडलं तर मी बोलतो, जास्त पडलं तर बोलतो, आणि बरोबर पडलं तर आमटी पातळ झालीय म्हणून बोलतो. हे काही भूषण नाही, मलाही कळतं. पण माणूस जसा आहे तसा आहे. मी सिद्धराम. चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करायचा. तीस वर्षं मला चुका शोधायचाच पगार मिळाला. असला माणूस घरी येऊन बायकोचं कौतुक करील ही अपेक्षाच चूक. मूळचा मी सांगोल्याच्या पलीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सोलापुरात राहून आणि शिकलेली सून घरात आल्यापासून भाषा जरा सुधारलीय. स्वभावाचं मात्र काही जमलं नाही.

तर आज मी कौतुक करणार आहे. नीट ऐकून घ्या, परत करीन याची खात्री नाही.

माझी बायको म्हाळसा. नीलमनगरात आमचं दोन खोल्यांचं घर, वर पत्रा, मागं परडं आणि परड्यात एक कडुलिंबाचं झाड. त्या लिंबाखाली चूल मांडून ती काळा मसाला करते. तुम्ही म्हणाल, सोलापुरात काळा मसाला कोण करत नाही? बरोबर आहे. उन्हाळा लागला की गल्लीगल्लीत मिरच्या पसरलेल्या असतात आणि डंकापुढं बायकांची रांग लागते. डंक म्हणजे मसाला कांडायची गिरणी. लोखंडी मुसळं वरखाली आपटत असतात आणि आत गेलेला माणूस शिंकत बाहेर येतो. करतात सगळ्याच. पण म्हाळसाचा मसाला आमटीत पडला की भिंतीपलीकडचा माणूस विचारतो, आज काय केलंय म्हणून.

कारखाना बंद पडला तेव्हा मी बाजेवर पडून पत्र्याकडं बघत बसायचो. हिनं काही न बोलता चार घरांना मसाला करून दिला, पुढच्या वर्षी चाळीस घरांना. मी म्हणायचो, "मसाला इकून कुनाचं घर चाललंय?" ती म्हणायची, "तुमी पत्रा बघा." मग पोराचं लग्न झालं आणि ऋतुजा आली, बीकॉम झालेली. पोरगा चिंचोळीच्या एमआयडीसीत शिफ्टला आणि सून घरात फोन घेऊन बसलेली. मला वाटलं, झालं आता घराचं कल्याण. तर त्याच फोनवर तिनं सासूच्या मसाल्याचे फोटो टाकले, लायसन काढलं, 'म्हाळसा मसाले' असं लेबल छापून आणलं, आणि पुण्याहून, ठाण्याहून, हैदराबादहून मागण्या यायला लागल्या. काळा मसाला, शेंगाचटणी, कारळाची चटणी. माझ्या वाट्याला काम आलं ते पाकिटांची तोंडं मशिनवर बंद करायचं आणि सात रस्त्याला कुरिअरवाल्याकडं नेऊन द्यायचं. जॉबरचा हमाल झाला म्हणा. मी रोज बडबडत होतो आणि रोज जात होतो.

भाजायला बसली की म्हाळसाशी कुणी बोलायचं नाही. धने वेगळे, जिरं वेगळं, तीळ वेगळे, दगडफूल वेगळं. प्रत्येकाला जाळ वेगळा आणि वेळ वेगळा. "सगळं एकदम टाकलं तर एक जळतंय आनि एक कच्चं ऱ्हातंय," असं ती म्हणते, आणि वीस जिन्नस असले तर वीस वेळा कढई पुसते. सगळा खेळ तिच्या नाकाचा होता. मान वाकवून वास घेत राहायची आणि एका क्षणी कढई खाली उतरायची. पोत्याचं तोंड सोडायच्या आत तिला कळायचं की हे धने मागच्या वर्षीचे आहेत. शेजारच्या पार्वतम्माची डाळ बुडाला लागायच्या आधी ही भिंतीवरून सांगायची, "पार्वतम्मा, डाळ बघा." एकदाही चुकली नाही. असलं नाक मी दुसरं पाहिलं नाही. अर्थात हे मी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि तिची एक रीत होती, तिच्या आईपासून चालत आलेली. नवा मसाला कांडून आला की विकायच्या आधी शेजारपाजारच्या पाच घरी वाटी वाटी द्यायचा, आणि आपल्या घरी त्याचीच आमटी करायची. पाची घरांनी चांगला आहे म्हटल्याशिवाय एक पाकीट भरायचं नाही. ऋतुजानं एकदा म्हटलं, आत्या, यात वेळ जातो. म्हाळसा म्हणाली, जाऊ दे. विषय संपला.

जानेवारीत पुण्याहून पायल नावाची बाई आली. तिचं तिकडं निवडक घरगुती मसाल्यांचं दुकान आहे. काचेच्या बरण्या, त्यांच्या गळ्याला सुतळी बांधलेली, आणि एका बरणीची किंमत ऐकून मलाच ठसका लागला. परड्यात चटईवर बसून तिनं दोन भाकरी खाल्ल्या, बोटं चाटली आणि म्हणाली, "म्हाळसाताई, पाडव्याच्या आत मला पंचवीस किलो द्या. लोकांना आवडला तर दर महिन्याला घेईन." म्हाळसा नुसती हसली. ती बाई गेल्यावर मात्र परड्यात जाऊन कढई घासत बसली, कढई स्वच्छ होती तरी. मला कळलं, स्वारी खूश आहे.

फेब्रुवारीत तिला ताप आला. आठ दिवस पडून होती. मग ताप उतरला, उठली, कामाला लागली. एक दिवस सकाळी ती स्वयंपाकघरात बसून मिरच्यांची देठं काढत होती आणि गॅसवर दूध होतं. मी परड्यात होतो, तिथं मला जळका वास आला. आत येऊन बघतो तर दूध करपून पातेलं काळं पडलेलं, घरभर वास कोंडलेला, आणि ही हातभर अंतरावर बसून निवांत देठं काढतेय. मी तोंड उघडलं. बत्तीस वर्षांच्या सवयीनं शब्द ओठांवर आलेलेच होते. तेवढ्यात तिनं वर बघितलं, आधी माझ्याकडं, मग पातेल्याकडं, आणि तिचं तोंड असं उतरलं की माझे शब्द घशातच राहिले.

"ध्यान न्हवतं माजं," ती म्हणाली.

"हुतंय असं," मी म्हणालो. पातेलं उचललं आणि मोरीत नेऊन मीच घासलं.

तिचं नाक गेलंय, हे मला त्या दिवशी कळलं. ती काही बोलली नाही, मीही काही विचारलं नाही. मी मनाशी ठरवलं, बिचारी आधीच घाबरलीय, आता हिला लागेल असं काही बोलायचं नाही. जेवायला बसलो की समोर येईल ते खायचं आणि उठायचं. चार दिवसांनी ऋतुजानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मामा, तब्येत बरी आहे ना तुमची?" मी म्हणालो, बरी आहे की. मला वाटत होतं, मी लई शहाणपणानं वागतोय.

मार्चच्या सुरुवातीला पुण्याच्या मालासाठी आम्ही दोघं पेठेत गेलो. खोबरं घेताना म्हाळसा दर वेळी वाटी मोडून नाकाला लावायची आणि दहातल्या चार बाजूला काढायची. दुकानदार तिला टरकून असायचा. त्या दिवशीही तिनं वाटी मोडली, नाकाला लावली आणि मान हलवली. "द्या," म्हणाली. एकही बाजूला काढली नाही. मी पिशवी धरून उभा होतो. तिला न दुखवता ती वाटी माझ्या नाकापर्यंत कशी आणायची, ते मला सुचलं नाही. म्हणून मी तसाच उभा राहिलो.

मिरच्या वाळल्या, कांदा वाळला, तिनं चार दिवस भाजलं. मधे एकदोनदा ऋतुजाला म्हणाली, "बघ गं, झालं का?" असं तिनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. मल्लेशच्या डंकावर कांडून माल घरी आला. रंग असा की कुणीही फसावं, काळा आणि आत लालसर. पाच घरी वाट्या गेल्या आणि आमच्या ताटात आमटी आली.

पहिल्या घासाला मला कळलं. मसाला खवट होता. फार नाही, पण घास गिळल्यावर जिभेच्या मागं जुन्या तेलाच्या डब्यासारखं काहीतरी राहत होतं. खोबरं जुनं निघालं होतं. समोर म्हाळसा बसलेली, माझ्या तोंडाकडं बघत. मी मान खाली घातली, भाकरी संपवली आणि उठलो. मनात म्हटलं, पाच घरं आहेत की. त्यातलं कुणीतरी सांगेलच, आपण कशाला वाईट व्हायचं.

दुसऱ्या दिवशी पाची वाट्या परत आल्या. एकीत गूळ, एकीत शेंगा, एकीत चार लिंबं. रिकामी वाटी आमच्याकडं कुणी परत देत नाही. आणि पाची घरून निरोप एकच, चांगला झालाय. माझाच माझ्या जिभेवरचा विश्वास उडाला. ऋतुजानं काटा मांडला, पाकिटं मांडली. दहा किलो भरून झाले. मी मशिनवर तोंडं बंद करत होतो.

तेवढ्यात म्हाळसा माझ्यासमोर येऊन बसली. हातातला डाव तिनं खाली ठेवला.

"काल आमटी कशी झाली हुती?"

"चांगली हुती की."

"मीठ?"

"बरोबर हुतं."

"भाकरी?"

"मऊ हुती."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "तुमाला बरं न्हाय का?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग मला काय झालंय ते तुमाला ठावं हाय," ती म्हणाली. "दूध करपलं आनि तुमी गप ऱ्हायला, तवाच मला शंका आली. त्या दिवसापास्नं तुमी एका घासाला नाव ठेवलं न्हाय. सांगा खरं. काय झालंय मसाल्याला?"

माझी मान वर होईना. "खवट हाय," मी म्हणालो. "खोबरं गेलंय."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली आणि सरळ पार्वतम्माकडं गेली. मी मागोमाग. पार्वतम्मा तेलुगू विणकराच्या घरातली, साठी उलटलेली, एरवी मनात काही ठेवणारी नव्हे. म्हाळसानं खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला आला की वास थोडा. पण तुमच्या नवऱ्याचा आवाज आला नाही काल. तो गप आहे म्हणजे माल बरोबर असणार, असं वाटलं मला. तो तर चांगल्याला पण वाईट म्हणतो." बाकीच्या घरांतही थोडंफार असंच ऐकायला मिळालं. घरी आलो तर ऋतुजा रडवेली. "आत्या, मलाही जरा वाटलं होतं. पण मामा काहीच बोलले नाहीत ना."

आता बघा. गल्लीत मला किरकिऱ्या म्हणतात. माझ्या माघारी माझी नक्कल करतात, ते मला माहीत आहे. आणि अख्खी गल्ली माझ्या किरकिरीवर भरवसा ठेवून बसली होती, हे मात्र मला माहीत नव्हतं. मला लाज वाटली. बिघडलेला माग तसाच चालू ठेवून मी कधी कारखान्याबाहेर पडलो नव्हतो. इथं घरात तेच केलं होतं.

"ह्यातलं कुनाला काय द्यायचं न्हाय," म्हाळसा म्हणाली.

ऋतुजा म्हणाली, "आत्या, खानावळीवाले घेतील स्वस्तात. त्यांच्या रश्श्यात कळणारही नाही." तिचंही चूक नव्हतं, पंचवीस किलो म्हणजे थोडा माल नव्हे, आणि उन्हातान्हात ती पोरही राबली होती.

"माजं नाव हाय त्याच्यावर," म्हाळसा म्हणाली. भरलेली पाकिटं तिनं स्वतः कापली, सगळा मसाला पोत्यात ओतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा ते पोतं स्वतः उचलून आत टाकलं. मला हात लावू दिला नाही. गाडीवाला शिंकत म्हणाला, "मावशी, एवढा मसाला का टाकताय?" ती म्हणाली, "चुकला."

मी दारात उभा होतो. कारखान्यात डाग पडलेली चादर डाग आत घालून घडी करताना मी बघितलेली आहे, आणि ते करणारी माणसं चांगली शिकलेली होती. हिचं शिक्षण चौथी. मला तेव्हाच तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण सवय नसली की ऐनवेळी शब्द सापडत नाहीत.

मग राहिला पुण्याचा फोन. ऋतुजा म्हणाली, डंक बंद पडला म्हणून सांगू. म्हाळसानं फोन तिच्या हातातून घेतला.

"पायलताई, तापानं माजं नाक गेलंय. वास येत न्हाय मला. मसाला खवट झाला, मी टाकून दिला. पंधरा दिवस द्यायचे तर द्या, न्हायतर दुसरं कोन तरी बघा. माजा राग न्हाय."

फोन स्पीकरवर होता. पायल म्हणाली, "ताई, वासच येत नसेल तर तुम्ही करणार कसा?"

"ते मलाबी ठावं न्हाय अजून."

"मी थांबते पंधरा दिवस," पायल म्हणाली. "पण तुमची स्वतःची खात्री पटली तरच पाठवा."

डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, वास दोन महिन्यांत परत येईल, वर्षानंही येईल, काहींचा येत नाही. घरी आल्यावर परड्यात उभी राहून आम्हा दोघांना म्हणाली, "एकदा करून बघते. पाव किलोच. जमला तर पुन्याला देईन. न्हाय जमला तर कढई पालथी घालनार, आनि परत मला कुनी मसाला कर म्हनायचं न्हाय." हे ती शांतपणे बोलली, म्हणून मला जास्त भीती वाटली. ती एकदा ठरवते ते ठरवते. काम सुटलेला माणूस घरात कसा पडून राहतो ते मी स्वतः भोगलंय. म्हाळसाचं तसं झालेलं मला बघवणार नव्हतं.

पेठेत या वेळी तिनं खोबऱ्याची वाटी मोडली आणि दुकानदारादेखत माझ्या नाकाला लावली. "बोला," म्हणाली. मी बोललो. महिनाभर तुंबलेलं सगळं त्या दुकानात बोललो. ही जुनी, ही ओली, ही कुठल्या सालची ते देवाला ठाऊक. सातव्या वाटीला दुकानदार म्हणाला, "काका, तुमी बसून बोला, दमाल." म्हाळसाला हसू आलं. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसत होती. चार वाट्या निवडून आम्ही घरी आलो.

भाजायचं मात्र तिनं एकटीनं केलं. मला हाकललं नाही, लिंबाखाली बसू दिलं. आणि तिथं मी जे बघितलं ते सांगावं म्हणूनच खरं तर एवढं बोलतोय. वास नसलेली ती बाई कढईकडं कान करून बसली. तीळ तडतडायला लागले की आवाज वाढत जातो आणि मग एकदम उतरतो. उतरला त्या क्षणी तिनं कढई खाली घेतली. धन्याचा दाणा बोटांत चिरडून पूड कशी सुटते ते बघितलं. लवंग फुगली का, दगडफुलाची कड आत वळली का, हे वाकून वाकून डोळ्यांनी बघितलं. दालचिनी मोडली आणि तुटल्याचा आवाज ऐकला. खोबऱ्याचा भाजलेला काप गालाला लावला, तो कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. मधेच ती डोळे मिटायची आणि हात आपोआप पुढं जायचा. वास मला येत होता, तिला नाही. तरी 'आता उतरव' असं माझ्या मनात येईपर्यंत कढई खाली आलेली असायची. दर वेळी. मी जॉबर माणूस, हात कुणाचे चांगले ते मला कळतं. असले हात कारखान्यात तीस वर्षांत मी दोघांचे बघितले, आणि त्या दोघांचं नाककान शाबूत होतं.

मसाला तिनं घरच्या खलबत्त्यात कुटला. ऋतुजा तेव्हा बाहेर शेंगाचटणीच्या पाकिटांना लेबलं लावत होती. दुपारी लिंबाखाली माझं ताट वाढलं, ज्वारीची भाकरी आणि आमटी. पाच घरी वाट्या गेल्या नाहीत.

"आदी तुमी," म्हाळसा म्हणाली आणि समोर बसली.

मी घास घेतला. काय सांगू तुम्हाला. खोबरं गोड, धने नेमके भाजलेले, कांद्याचा खमंगपणा, आणि तिखट असं की घशाला न लागता कान गरम व्हावेत. चांगला मसाला होता. लई चांगला होता. फक्त एक गोष्ट होती. घास गिळताना लवंग पुढं येत होती, आणि थोडी नव्हे, चांगलीच येत होती.

आता हे सांगायचं कसं? हिनं नाक नसताना एवढं केलं. आपण एक चूक काढली की कढई पालथी होणार. आणि लवंग जास्त झाली म्हणून कुणी मरत नाही. पुण्यातल्या लोकांना तर आवडेलसुद्धा. मी म्हणालो, "चांगली झालीय."

मला वाटलं तिचा चेहरा फुलेल. तो पडला.

"बरोबर झालीय?" तिनं विचारलं.

"व्हय की." तरी तिचा चेहरा तसाच. मला वाटलं, काहीतरी नाव ठेवल्याशिवाय हिला खरं वाटणार नाही. "मीठ तेवढं जरा कमी हाय."

तिनं वाटीत बोट बुडवून चाटलं. "मीठ बरोबर हाय. नाक गेलंय माजं, जीभ न्हाय गेली." आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली. चुलीजवळ गेली. फडक्यानं धरून कढई उचलली. ती आता काय करणार ते मला कळलं.

"लवंग," मी म्हणालो.

ती थांबली.

"लवंग जास्त पडलीय. थोडी न्हाय, लई. पयल्यांदा कळत न्हाय, गिळताना कळतंय. बाकीचं सगळं त्याच्याखाली गेलंय. असला मसाला पुन्याला धाडला तर ती बाई म्हनंल, दातदुकीचं औशद दिलंय." बोलून गेलो आणि मग जीभ चावली.

म्हाळसा वळली. कढई हातातच होती. "किती जास्त?"

"पायजे त्याच्या दीडपट तरी."

"पंचवीस लागत्यात," ती म्हणाली. "बारा वर टाकल्या. मोजून टाकल्यात."

मी ताटावरच बसून राहिलो.

"तुमी खरं सांगताय का बघायचं हुतं," ती म्हणाली. एका पावसाळ्यात माहेरची सगळी मेंढरं रोगानं गेली तेव्हा ही बाई रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "भाजायचं ते मी भाजीन वो. कानानं भाजीन, हातानं भाजीन, मला जमतंय. पन शेवटाला खरं सांगनारं एक मानूस पायजे का न्हाय? तुमीबी गोड बोलाय लागल्यावर मी कुनाच्या जिवावर करायचं?"

बत्तीस वर्षं माझी समजूत होती की ही माझं बोलणं सहन करते. ती ते ऐकत होती. मी कधीतरी म्हणालो होतो, शहाजिरं कडवट लागतंय, आणि पुढच्या खेपेला ते लागलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, माझीच जीभ सुधारली. असं किती वेळा झालं असेल कोण जाणे. मी जे जे टाकून बोललो ते ते तिनं उचलून ठेवलं आणि मसाल्यात नीट करून घातलं. हे लक्षात आलं आणि माझ्याही डोळ्यांचं काही खरं राहिलं नाही. मी उठलो, तिच्या हातातली कढई घेतली आणि परत चुलीवर ठेवली.

"लई चांगला झालाय मसाला," मी म्हणालो. "लवंग सोडून."

"आता खरं वाटतंय," ती म्हणाली.

मला तिच्यापुढं उभं राहवेना. मी मोठ्यानं ऋतुजाला हाक मारली, मिरचीची पोती बाहेर काढ म्हणून. म्हाळसानं पदरानं तोंड पुसलं, वर बघून ऊन अजून आहे म्हणाली, आणि त्याच दुपारी आम्ही तिघांनी मिळून पुण्याच्या पंचवीस किलोच्या मिरच्या परड्यात पसरल्या.